नव्या फटफटीचा नवस

नवऱ्याशी वाद घालत बसण्यापेक्षा देवाशी नीट बोललेलं बरं, हा वर्षाराणीचा लग्नापासूनचा अनुभव. म्हणून भागवतने फटफटीचा विषय पुन्हा काढला तेव्हा ती वादात पडली नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी ती नाल्याकाठच्या आसरामायपुढे जाऊन उभी राहिली, नारळ ठेवला आणि म्हणाली, "माय, यांच्या मनातली गाडी घरी येऊ दे. तोवर मी चहा पिनार नाई. गाडी आली का दोघंबी तिच्यावर बसून पह्यले तुह्या दारी येऊ, रोडग्याचा सैपाक करू, अन् मंगच चहा तोंडाले लावीन."

तसं पाहिलं तर सोडायला दुसरंही पुष्कळ होतं. कारलं सोडता आलं असतं. पण कारलं तिला मुळातच आवडत नव्हतं, आणि माय राहते पाण्याकाठी. तिला प्रत्येकाच्या मनाचा तळ दिसतो. सोडायचं तर जिवाचं सोडावं. वर्षाराणीच्या जिवाचं म्हणजे चहा. सकाळी वांगी तोडायला वावरात जाण्याआधी एक, आल्यावर एक, आणि दुपारी कोणी आलं तर एक. (कोणी आलं नाही तर, कोणी का आलं नाही याचा विचार करताना एक.)

आता भागवतच्या मनातली गाडी कशी होती, ते सांगायला हवं. वाशीमला वांगी पोचवायला गेला असताना त्याला ती शोरूमच्या काचेआड दिसली. बाटलीसारखा हिरवा रंग, पाण्याच्या थेंबासारखी टाकी, टाकीवर सोनेरी रेघ, पुढे परातीसारखा गोल दिवा, तारांची चाकं आणि तपकिरी, लांबलचक सीट. तो काचेला नाक लावून इतका वेळ उभा राहिला, की आतल्या पोरीने बाहेर येऊन त्याला पाणी विचारलं.

"दिसाले जुनी हाय," घरी येऊन तो सांगत होता, "पन अंगात समदं नवं! बटन दाबलं का चालू. डिस्क ब्रेक. कोनाचा फोन आला तं नाव मीटरात दिसते."

"मंग नवीच दिसनारी काहून नाई घेत?" वर्षाराणीने विचारलं.

"नव्या दिसनाऱ्या पाह्यल्या का तू? समोरून पाह्यलं तं वाटते का आता चावन."

हे मात्र तिला मनोमन पटलं. हल्लीच्या गाड्यांची मागची सीट विंचवाच्या नांगीसारखी वर गेलेली असते. साडी नेसलेल्या बाईने तिच्यावर बसायचं म्हणजे पपईच्या झाडावर चढून एका देठाला धरून मालेगावचा बाजार करून येण्यासारखं. आणि ही सीट कशी, बाकासारखी सरळ! एका बाजूने पाय सोडून बसावं, मांडीवर पिशवी ठेवावी, पदर सावरावा.

दुसरंही एक कारण होतं, पण ते तिने कोणाला सांगितलं नव्हतं. भागवत तिला पाहायला आला होता तो आपल्या वडिलांच्या अशाच गोल दिव्याच्या फटफटीवरून. आधी लांबून ढुग-ढुग आवाज आला. मग स्वयंपाकघराच्या खिडकीतून तिला तो दिवा दिसला, संध्याकाळचं ऊन पडून निरांजनासारखा पेटलेला. दिवा तिला पाहताक्षणी पसंत पडला. नवरा त्याच्या मागे बसून आला होता, म्हणून तोही.

घरात विरोध होता तो एकट्या मामंजींचा, म्हणजे तिच्या सासऱ्यांचा, पुंजाजींचा. ती फटफटी त्यांचीच. तिच्यावर बसण्यापेक्षा तिच्यामागे चालण्यातच त्यांचं तारुण्य गेलेलं.

"मी जिंदगीभर जुनी फटफटी ढकलली अन् नवीचं सपन पाह्यलं," ते अंगणातल्या बाजेवरून म्हणाले. "आता घरात नवी याची येळ आली, तं हा पठ्ठ्या शोरूममंदी जाऊन जुनी आनते!"

"जुनी नाई बाबा, जुन्यावानी हाय."

"जुन्यावानीच पाह्यजे तं मी हाय ना घरात!"

शेवटी त्यांनी अट घातली. गाडी आणावी. पण नवसाच्या दिवशी ती आसरामायच्या दारी धड पोचली तरच ठेवायची. नाही पोचली तर विकून टाकायची आणि साधी, मागे भाजीचे कॅरेट बांधता येतील अशी आणायची. भागवतने हो म्हटलं. दोन किलोमीटरचा तो रस्ता, अर्धा तर उताराचा. नवी गाडी तेवढी पोचणार नाही, असं कसं होईल? वर्षाराणीला तर शंकाच नव्हती. तिने चहा सोडला होता. चहा सोडल्यावर माय ऐकणार नाही, असं होतच नाही.

पोळा ते दिवाळी हे दिवस कसे गेले ते तिचं तिला माहीत. पहिल्या आठवड्यात तिने मिठाऐवजी साखर घालून वरण केलं आणि वर घरच्यांनाच विचारलं की तुमच्या तोंडाला चव नाही का. गणपतीत शेजारच्या पंजाबरावाच्या घरी आल्याचा चहा उकळला, तर त्याचा वास भिंत ओलांडून आला आणि ही भिंतीला कान लावतात तसं नाक लावून उभी राहिली. पण प्यायली नाही. यंदा वांग्याच्या भावानेही साथ दिली. दिवाळी होऊन गेली आणि एका सोमवारी दुपारी लांबून ढुग-ढुग आवाज आला.

वर्षाराणी ओवाळणीचं ताट घेऊन धावली. गाडी अंगणात शिरली ती अगदी नवरदेवासारखी. भागवतने हेल्मेट काढलं. त्याचे केस चिकटले होते, पण चेहरा असा की वाशीम जिल्हा त्याच्या नावे लिहून दिलाय.

पंजाबराव भिंतीवरून नव्हे, थेट दारातून आला. गाडीभोवती एक फेरी मारली, खाली वाकून पाहिलं, टाकीवर टिचकी मारली.

"बरी ठेवली व्हती म्हना पह्यल्या मालकानं," तो म्हणाला.

"पह्यला मालक मीच हाय," भागवत म्हणाला.

"अन् त्याच्या आंधी?"

"त्याच्या आंधी कोनीच नाई. कोरी हाय!"

पंजाबरावाने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "असू दे गा भागवत. सेकंडहँडमंदी लाजाचं काय हाय? आमीबी घेतली व्हती. तुही तं लय चमकून राह्यली."

संध्याकाळपर्यंत अर्ध्या वस्तीने भागवतचं सांत्वन केलं. एकाने तर 'असाच हळूहळू नवीबी येईन' असा आशीर्वाद दिला. पुंजाजी तेवढं सगळं होईपर्यंत गाडीच्या उजव्या अंगाला बसून काहीतरी शोधत होते.

"काय पाहून राह्यले बाबा?"

"किक कोठी हाय?"

"किक नसते याले."

"चोरीले गेली का?"

आत्याबाई, म्हणजे तिच्या सासूबाई तुळसाबाई, या गोंधळात पडल्या नाहीत. गाडी नवी की जुनी हा पुरुषांचा विषय. गाडी आली म्हणजे नजर लागणार, हा बायकांचा. त्यांनी चाकाखाली लिंबू ठेवलं, दिव्याच्या वर काळ्या दोऱ्यात बिब्बा बांधला, नारळ फोडला. वर्षाराणीने टाकीवर हळदीकुंकवाने स्वस्तिक काढलं. मग तिने देवघरातून लाल धागा आणला. नवस बोलताना तो मायच्या पायाशी ठेवून आणला होता. गाडी आली की बांधायचा आणि नवस फिटला की मायसमोर स्वतःच्या हाताने सोडायचा, असं ठरलेलं.

"उजव्या हाताले बांध," आत्याबाई म्हणाल्या. "डाव्याले नोको."

माणसाच्या उजव्या मनगटाला बांधतात, तसं तिने गाडीच्या उजव्या मुठीच्या आतल्या बाजूला तो बांधायला घेतला. आता वर्षाराणीच्या गाठीबद्दल दोन शब्द सांगायला हवेत. बाजाराच्या दिवशी भाजीच्या पोत्यांची तोंडं बांधायचं काम तिचं. पोतं टेम्पोतून फेकलं, वर दुसरं पोतं पडलं, त्यावर हमाल बसला, तरी वर्षाराणीची गाठ सुटल्याचं कोणी पाहिलेलं नाही. लग्न होऊन आली तेव्हा ही गाठ तिला आत्याबाईंनीच शिकवली: आधी गुडघा टेकवायचा, मग दोरी दातात धरून ओढायची. देवाचा धागा, म्हणून तिने गुडघा टेकवला नाही. बाकी सगळं केलं. वेढे देत गेली, प्रत्येक वेढा आवळत गेली आणि शेवटी दातांनी ओढून गाठ पक्की केली. मध्ये कुठेतरी 'टक्' असा बारीक आवाज झाला. तिला वाटलं, मायने होकार दिला.

मंगळवारी सकाळी सगळी तयारी झाली होती. अंगणात बैलगाडी उभी. तिच्यात गोवऱ्या, रोडग्यांची कणीक, टोपलीभर वांगी, तुपाची बरणी आणि या सगळ्याच्या वर आत्याबाई.

"पह्यले तुमी निंगा," त्या म्हणाल्या. "मी डोये भरून पाह्यतो, मंग बैल हाकलतो."

वर्षाराणीने लग्नातला शालू नेसला होता. ती त्या बाकासारख्या सीटवर एका बाजूने बसली, मांडीवर पूजेचं ताट घेतलं. भागवत पुढे बसला. त्याने चावी फिरवली. मीटर लागला, गोल दिवा लागला. त्याने बटन दाबलं.

काहीच झालं नाही.

पुन्हा दाबलं. गाडी देवळातल्या नंदीसारखी शांत.

"काय झालं?" वर्षाराणी म्हणाली.

"काई नाई. इंजन थंडं असन."

पुंजाजी बाजेवरून उठले. बऱ्याच वर्षांनी त्यांच्या चालीत तरुणपणाचा झोक आला होता. "पेट्रोलचा कॉक खोल," ते म्हणाले.

"कॉक नसते बाबा याले."

"रिझर्ववर घे."

"रिझर्वबी नसते."

"किक नाई, कॉक नाई, रिझर्व नाई," पुंजाजी म्हणाले. "मंग दिलं काय त्यायनं तुले?"

पंजाबराव आला. त्याने गाडी आडवी करायला सांगितली. त्याच्या अनुभवात आडवी करून पुन्हा उभी केलेली कोणतीही गाडी सुरू व्हायचीच. वर्षाराणी ताटासकट खाली उतरली. गाडी आडवी झाली, उभी झाली. वर्षाराणी ताटासकट पुन्हा वर चढली. गाडी ढिम्म.

"मी कालच म्हनलं नाई का?" पंजाबराव हळूच म्हणाला. "पह्यल्या मालकानं काइतरी लपवलं."

भागवतचा चेहरा उतरला. पुंजाजी नुसते पाठीमागे जाऊन, कॅरेट बांधायला जागा कुठे असायला हवी होती, ते हाताने मोजून पाहत होते. अट सगळ्यांना आठवत होती. वर्षाराणीने डोळे मिटून मायला हात जोडले आणि श्रद्धा कमी पडली असेल म्हणून धाग्यावर कुंकवाचं आणखी एक बोट लावलं. गाठ चाचपली. पक्की होती.

शेवटी भागवतने शोरूमला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. पलीकडे तीच पाणी विचारणारी पोरगी होती, सुप्रिया.

"सर, चावी फिरवल्यावर मीटर लागतोय का?"

"लागते."

"साईड स्टँड वर आहे?"

"हाय."

"मग उजव्या मुठीजवळ लाल बटन आहे बघा. ते कोणत्या बाजूला दाबलंय?"

भागवतने पाहिलं. "लाल बटन नाई हाय."

"असतंच, सर. इंजिन बंद करायचं बटन."

"नाई ना म्हनतो. लाल धागा हाय."

पलीकडे सुप्रियाने 'धागा' हा शब्द हळूच स्वतःशी म्हणून पाहिला.

"सर," सुप्रिया म्हणाली, "धाग्याच्या खाली बघा."

सगळे वाकले. धाग्याच्या वेढ्यांच्या फटीतून एक लाल कडा दिसत होती. कालचा तो 'टक्' वर्षाराणीला आता स्पष्ट आठवला. मायने होकार दिला नव्हता. मायने गाडी बंद केली होती. किंवा मायच्या धाग्याने. किंवा खरं सांगायचं तर वर्षाराणीनेच.

"हात्तिच्या!" भागवत हसला आणि खिशातून वांग्याची देठं कापायची सुरी काढली.

"अवो!" वर्षाराणीने एका हाताने ताट आणि दुसऱ्या हाताने सुरी धरली. "मायचा धागा हाय तो!"

"मंग सोड तू."

"मायच्या दारी सोडाचा हाय. नवस फिटल्यावर."

"अवं, पन धागा सोडल्याबिगर गाडी चालू होत नाई!"

"अन् गाडी मायच्या दारी गेल्याबिगर धागा सुटत नाई."

पंजाबरावाने हे दोन्ही बाजूंनी मनात फिरवून पाहिलं आणि तो ओट्यावर बसला.

"उलीसा सरकवतो," भागवत अजिजीने म्हणाला. "सोडत नाई. बोटभर सरकवतो फक्त. मायले समजनारबी नाई."

वर्षाराणी ताठ बसली. इतके दिवस चहा न पिता राहिलेली बाई बोटभर धाग्यावरून ढळते होय! "सरकवला म्हंजे सोडलाच," ती म्हणाली.

बैलगाडीतून आत्याबाईंनी मान डोलावली. "बराबर हाय. पाह्य, सून असावी तं अशी. सरकवला म्हंजे सोडलाच."

"मंग जाचं कसं?" भागवत म्हणाला.

"नवसात 'गाडीवर बसून येऊ' म्हनलं," वर्षाराणी म्हणाली. "'गाडी चालू करून येऊ' नाई म्हनलं." तिच्या आवाजात आता पक्का विश्वास आला होता. मायने वाट बंद केली नव्हती, थोडी वळवली होती. "तुमी बसा पुढं. मी बसतो मांगं. अन् मामंजी..."

ती पुढचं बोलायला संकोचली. पण पुंजाजींनी धोतराचा काष्टा खोचायला सुरुवात केलीच होती. फटफटी ढकलणं या एका विषयात पंचक्रोशीत त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता, आणि ही गोष्ट जगाला पुन्हा दाखवायची संधी मिळेल, असं त्यांना वाटलं नव्हतं.

"पंजाबराव, तू डाव्या अंगानं ये," ते म्हणाले. "सीटले हात नोको लावू, लोखंडाले लाव. पोटऱ्यानं ढकलाचं, पाठीनं नाई. भागवत, गेर काढ."

अशी वरात निघाली. पुढे गोल दिव्याची, बाटलीच्या रंगाची देखणी फटफटी. तिच्यावर इस्त्रीच्या शर्टात भागवत. त्याच्या मागे शालू नेसून, ताट घेऊन, लक्ष्मीसारखी बसलेली वर्षाराणी. आणि मागे वाकून दोन माणसं. किन्हीराजा गावच्या रस्त्याला लागेपर्यंत जो भेटला तो थांबला.

"जुनी घेतली का गा?" एक दुधवाला म्हणाला. "मजबूत असतात पन."

"नवी हाय!" भागवत ओरडला.

दुधवाल्याने मागून ढकलणाऱ्यांकडे पाहिलं आणि सज्जन माणूस असल्यामुळे मान डोलावली.

चढ संपला. बाभळीपासून नाल्यापर्यंत सरळ उतार होता. तिथे पुंजाजींनी एक शेवटचा, कसलेला रेटा दिला, आणि गाडी त्यांच्या हातून सुटली.

त्यानंतरचे ते क्षण वर्षाराणी कधी विसरली नाही. इंजिनाचा आवाज नव्हता. नुसती तारांच्या चाकांची सळसळ आणि कानाशी वारा. दोन्ही बाजूंची तूर मागे पळत होती. सकाळचं ऊन आरशाच्या कडेवर, टाकीच्या सोनेरी रेघेवर चमकत होतं, आणि आरशात तिला भागवतचा चेहरा दिसत होता. तो तिला पाहायला आला होता तेव्हाचाच चेहरा. कपाळ थोडं मोठं झालेलं, एवढंच. तिने ताट सांभाळत दुसरा हात त्याच्या खांद्यावर ठेवला.

"मस्त हाय ना?" तो म्हणाला.

"लय मस्त हाय," ती म्हणाली. "पन नाला आला."

मागून पुंजाजी ओरडत पळत येत होते. त्यांची ती जुनी फटफटी एकदा याच उतारावर त्यांना घेऊन, ब्रेक पूर्ण दाबलेला असताना, थेट याच नाल्यात गेली होती. (म्हशी बसल्या होत्या. म्हशींना काही झालं नाही.) भागवतने ब्रेक दाबला. गाडी जराही न घसरता, न डगमगता, मायच्या ओट्यासमोर अशी थांबली की ताटातली सुपारीसुद्धा हलली नाही. पुढच्या चाकापासून ओट्यापर्यंत नारळ ठेवण्यापुरती जागा उरली होती.

पुंजाजी धापा टाकत पोचले. त्यांनी नाल्याकडे पाहिलं. गाडीकडे पाहिलं. मग वाकून त्या चकचकीत ब्रेकच्या चकतीला, देवाला लावतात तसा, हात लावला.

"ठेव बाप्पा गाडी," ते म्हणाले. "इंजनाबिगर इतकी चालली, तं इंजनानं किती चालन!"

मग काय, सगळंच गोड झालं. बैलगाडी आली. गोवऱ्यांच्या निखाऱ्यांचा आर पडला, रोडगे भाजले, तुपात बुडले, घरच्या वांग्याच्या भाजीचा रस्सा केळीच्या पानावरून पळू लागला. मायला नैवेद्य दाखवला. वर्षाराणीने ओटीचे खण-नारळ ठेवून हात जोडले आणि तो लाल धागा दात लावून, घाम गाळून, अखेर सोडला. लाल बटन भागवतने अंगठ्याने सरळ केलं आणि दुसरं दाबलं.

ढुग. ढुग-ढुग-ढुग.

बाभळीवरचे बगळे उडाले. आत्याबाईंनी तिथेच दंडवत घातला. "पाह्यलं? धागा सुटला अन् गाडी चालू! मायचा चमत्कार!"

"आत्याबाई, ते बटन..." वर्षाराणी सांगायला गेली.

"बटन निमित्त हाय वं," आत्याबाई म्हणाल्या, आणि आणखी एक दंडवत घातला.

वर्षाराणी धागा नाल्यात सोडायला वाकली, तर आत्याबाईंनी तिचा हात धरला. "पान्यात कायले टाकतं? इतका गुनाचा धागा! आन इकडं." आणि त्यांनी तो पदराच्या टोकाला बांधून घेतला.

परतीच्या वेळी एक छोटी गोष्ट घडली. वर्षाराणी भांडी घासून पदर सावरत गाडीकडे आली, तर त्या बाकासारख्या सीटवर मामंजी बसलेले. "एक चक्कर मारून येतो," असं ते म्हणाले, आणि बाप-लेक धुरळा उडवत किन्हीराजाच्या दिशेने दिसेनासे झाले. ती मग बैलगाडीतच, रिकाम्या टोपलीवर बसून, आत्याबाईंबरोबर परतली. तिला त्याचं काही वाटलं नाही. तिचं मन पुढे पोचलं होतं. नवस फिटला होता. घरी चहा होता.

वस्तीच्या तोंडाशी ती उतरली, आत्याबाई बैलगाडीतून पुढे घरी गेल्या. दुकानातून नवीन पत्तीचा पुडा घेतला, रसरशीत आलं घेतलं, पंजाबरावाच्या घरून ताजं दूध घेतलं. ("चहासाठी का?" पंजाबरावाच्या बायकोने विचारलं. "चहासाठी," ती म्हणाली, आणि 'मुंजीसाठी' म्हणावं तसं म्हणाली.) घरी आली. पातेलं काढलं, पाणी घातलं, आलं ठेचलं. त्या वासानेच तिचे डोळे भरून आले. लायटर हातात घेऊन ती गॅसकडे वळली.

गॅसच्या दोन्ही बटनांना मिळून, इकडून तिकडे आणि तिकडून इकडे, लाल धागा गुंडाळला होता. वेढ्यावर वेढा. मधोमध गाठ. ही गाठ कोणाची आहे हे तिला न विचारताही कळलं, कारण तिची स्वतःची गाठ जिच्याकडून आली, ती ही होती. मूळ गाठ.

"आत्याबाई!"

आत्याबाई देवघरातून प्रसन्न चेहऱ्याने आल्या. "बांधला बाई. मायचा गुन घरात रायला पाह्यजे. सैपाकघराले बरकत येते. पुढच्या मंगळवारी मायच्या दारी जाऊ तवा सोडू. तोवर आंगनातल्या चुलीवर भागवू, गोवऱ्या..." त्या थांबल्या. "गोवऱ्या तं समद्या रोडग्याले लागल्या, नाई का?"

वर्षाराणीने पातेल्यातल्या थंड पाण्याकडे पाहिलं. त्यात आल्याचे तुकडे तरंगत होते. लांबून, फार लांबून, ढुग-ढुग ऐकू येत होतं. आणि ते जवळ येत नव्हतं, दूर जात होतं.

तिने आयुष्यात कधी वापरला नव्हता इतका मऊ आवाज काढला.

"आत्याबाई, सोडत नाई. उलीसा सरकवू का? बोटभर फक्त?"

आत्याबाईंनी तिच्याकडे मोठ्या कौतुकाने पाहिलं. त्यांना वाटलं, सून परीक्षा घेते आहे.

"सरकवला म्हंजे सोडलाच," त्या म्हणाल्या.